नाक गेलं, जीभ राहिली

आम्ही नेदरलँड्समधले मराठी लोक फराळाला जमलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या कंपनीत?" उत्तरंही बहुतेक ठरलेली. कोणी बेस्ट नावाच्या गावात चिपच्या यंत्रांवर, कोणी डेल्फ्टला पीएचडी, बाकी सगळे आयटी. माझी पाळी आली की मी सांगतो, "वाइनच्या गोदामात." एकदा एका काकांनी मला मदत करायच्या हेतूने विचारलं, "म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळता?"

"नाही. बाटल्या सांभाळतो."

मी नाशिकचा. तिथल्या एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं द्राक्षांच्या रसातली साखर आणि आम्ल मोजलं. मग माझ्या बायकोला, मंजिरीला, डेल्फ्टमध्ये नोकरी मिळाली आणि मी तिच्या व्हिसावर इथे आलो. हे मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला कुजबुजावं लागत नाही. आम्ही फोरबर्गला राहतो. तिथून सायकलने वीस मिनिटांवर, लायडस्खेनडामच्या बाजूला, एका छोट्या आयातदाराचं गोदाम आहे. तिथे फ्रान्समधून येणाऱ्या वाइनची तपासणी करणं, ती नीट तापमानात ठेवणं आणि वर्षातून दोन-तीनदा मालकाबरोबर जाऊन माल पारखून घेणं हे माझं काम. आई पंचवटीत शेजारणींना सांगते, "मिलिंद द्राक्षाच्या कंपनीत आहे." ते खोटं नाही, एवढंच म्हणेन.

गिऱ्हाइकांचे फोनही कधीकधी मीच घेतो. बेस्टहून एका मुलाचा फोन आला होता. घराची वास्तुशांत होती आणि ऑफिसातल्या डच मित्रांसाठी त्याला संध्याकाळी शॅम्पेन हवी होती. बाटली घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "दादा, याच्यावर एक्स्पायरी डेटच नाही. वर्ष लिहिलंय ते फार जुनं आहे. बदलून मिळेल का?" मी म्हटलं, "अरे, त्या जुन्या वर्षाचेच तू पैसे दिलेस." दुसरे एक डच गृहस्थ, अतिशय सभ्य, बाटली परत घेऊन आले. म्हणाले, बुडबुडे मेले आहेत. ती त्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर सात वर्षं जपून ठेवली होती. फ्रिजचं डोकं म्हणजे घरातली सगळ्यात गरम आणि सगळ्यात थरथरणारी जागा. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "पण तिथून ती आम्हाला रोज दिसायची."

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन. साधी वाइन बाटलीत भरून तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि ती तळघरात आडवी ठेवतात. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. वायूला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब मोटारीच्या टायरच्या अडीचपट तरी होतो. यीस्ट मरून तळाशी साका बसतो आणि त्या साक्यावर बाटली काही वर्षं पडून राहते. मग बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, साका तोंडाशी आला की तोंड गोठवून तेवढा उडवून देतात, आणि वरून नवं बूच मारतात. पिताना भाजल्या भाकरीसारखा जो वास येतो, तो त्या मेलेल्या यीस्टचा.

एरवी ही वाइन चार-पाच वर्षांचं मिश्रण असते, म्हणजे घराण्याची चव दरवर्षी तीच राहते. पण एखादं वर्ष असं येतं की द्राक्षं स्वतःच्या पायावर उभी राहतील असं वाटतं. मग त्या एका वर्षाची वाइन वेगळी ठेवतात आणि बाटलीवर वर्षाचा आकडा छापतात. तीच व्हिंटेज. वर्ष छापलं की पळवाट संपली. दहा-पंधरा वर्षांनी बाटली उघडणारा माणूस घराण्याचं नाव त्या घोटावर ठरवतो.

मला जे सांगायचंय ते अशाच एका घराण्याबद्दल. घराणं म्हटलं की राजवाडा डोळ्यासमोर येतो. इथे मार्न नदीच्या उतारावर एक करडं घर, मागे शेड, खाली खडूच्या दगडात खणलेलं तळघर, आणि तीन माणसं. ऐंशीच्या पुढचे मार्सेल, त्यांची मुलगी ओदील आणि ओदीलचा चुलतभाऊ ज्युलियाँ. मार्सेल मिश्रण ठरवायचे, ओदील तळघर आणि विक्री बघायची, ज्युलियाँ मळा. आमच्या गोदामाशी त्यांचा व्यवहार माझ्या आधीपासूनचा.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेचा कागद मी दोनदा वाचला. आम्लाचा आकडा इतका कमी, की नाशिकला मी तसली टाकी नापास केली असती. मी ओदीलला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तुमची वाइन बिघडली आहे." तिने ते वडिलांना मोठ्याने सांगितलं. मार्सेल खुर्चीत मागे टेकून हसले. झालं होतं असं की फ्रान्समध्ये वाइनमधलं आम्ल गंधकाम्लाच्या हिशेबात लिहितात आणि आपण टार्टारिकच्या, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या. त्यांच्या आकड्याला दीडने गुणलं की आपला आकडा येतो. तेव्हापासून मार्सेल मला "केमिस्ट साहेब" म्हणायला लागले, आणि का कोण जाणे, वसंतात मिश्रण ठरवायच्या बैठकीला मला बोलवायला लागले. म्हणायचे, "घरातल्या जिभा एकमेकींचं ऐकतात. एक बाहेरची हवी."

त्या बैठकीची एक रीत होती. सगळे गप्प बसून चव घेणार. मग बोलायला सुरुवात सगळ्यात लहान माणसाने करायची आणि वयाने चढत जायचं. सगळ्यात वडील माणूस शेवटी बोलणार, आणि तो बोलला की विषय संपला. आपल्याकडे आधी वडील बोलतात आणि मग बाकीचे माना डोलावतात. मार्सेलना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुमच्याकडे एकाच माणसाने चव घेतली तरी चालतं."

इथे मला आईकडे यावं लागतं.

आई दरवर्षी उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे येते आणि गणपती करून परत जाते. एका वर्षी ती यायच्या आधी तिला मोठा ताप येऊन गेला होता. बरी झाली, पण थोडी गप्प वाटायची. आम्हाला वाटलं, अशक्तपणा. गणपतीच्या दिवशी हेगच्या एका सुरिनामी हिंदुस्थानी दुकानातून मी अळू आणला. आईच्या हातचं अळूचं फदफदं म्हणजे आमच्या घरात सणाची खूण. आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी चव बघत नाही. बघायची नाही म्हणजे नाही, मीठसुद्धा अंदाजाने. आरती झाली, पानं वाढली आणि पहिला घास घेतल्यावर मी मंजिरीकडे बघितलं आणि मंजिरीने गणपतीकडे. वरण, अळू, भाजी, कोशिंबिरीची फोडणी, सगळ्यात हिंग. थोडाथोडका नाही. पिवळी डबी निम्मी झाली असावी.

आम्ही दोघं मुकाट्याने जेवत होतो. आमची मुलगी इरा तेव्हा पंधरा वर्षांची. ती म्हणाली, "आजी, व्हॉट इज धिस? इट स्मेल्स लाइक… गॅस."

आईने आमच्या तोंडाकडे पाहिलं. हातातला घास खाली ठेवला. "मला वासच येत नाही रे," ती म्हणाली. "ताप गेला तो वास घेऊन गेला. फोडणीत हिंग पडला की नाही ते कळेना, म्हणून घालत गेले."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? डोळे गेले तर माणूस सांगतो. नाकाचं कोण सांगतं?" मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि चिंच? अळवात चिंच बरोबर पडलीय का?"

मी नीट चव घेतली. हिंगाच्या खाली चिंच आणि गूळ अगदी जागच्या जागी होते. अळवात चिंच कमी पडली तर घशाला खाज सुटते. एकाच्याही घशाला खाजलं नव्हतं.

"चिंच बरोबर आहे."

"मग झालं," आई म्हणाली आणि जेवायला लागली.

हे शास्त्राला धरूनच आहे. आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग खरं तर नाकाचा असतो. आंबट, गोड, खारट, कडू मात्र जिभेचं. नाक गेलं तरी ते राहतं. मला हे पुस्तकातून माहीत होतं. आईच्या अळवाने ते मला खरं वाटायला लावलं.

त्याच वर्षी, तोडणी संपल्यावर, मी मार्सेलकडे गेलो. तो उन्हाळा तिकडे फार कडक गेला होता. दुपारी जेवायला मार्सेलनी तळघरातून एक जुनी व्हिंटेज काढली, ओदीलच्या जन्मवर्षाची. स्वतः उघडली, स्वतः ओतली. मी ग्लास नाकाशी नेला आणि थांबलो. ओल्या गोणपाटाचा वास. खराब बुचामुळे असं होतं. घराण्याचा दोष नसतो, नशिबाचा असतो. अशी बाटली वाइनवाला माणूस क्षणात ओळखतो आणि ओतून देतो. ओदीलने वास घेतला आणि तिचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले.

मार्सेलनी घोट घेतला, तोंडात फिरवला. "अजून उभी आहे," ते समाधानाने म्हणाले.

ओदीलने ग्लास उचलला आणि सगळा पिऊन टाकला. म्हणाली, "हो पपा." मीही प्यायलो. गोणपाट प्यायल्याचा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही.

नंतर भांडी विसळताना ती हळू आवाजात म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात पपांना फ्लू झाला होता. तेव्हापासून. ज्युलियाँला माहीत नाही. गावात कोणालाच नाही."

"त्यांना माहीत आहे का, की तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. आणि कळायला नको. या माणसाने साठ वर्षं नाकावर घर चालवलंय."

मी तिला आईच्या हिंगाची गोष्ट सांगितली. ती हसली आणि हसता हसता रडली. मग म्हणाली, "या वर्षीची वाइन छान आहे. मी तिची व्हिंटेज करणार आहे. पपांची शेवटची. किती काळात त्यांनी एकाही वर्षाला हो म्हटलेलं नाही. ही त्यांच्या हयातीत लावायची आहे मला."

मार्चमध्ये बैठक झाली. मोठं लाकडी टेबल, पांढरा कागद, मधोमध थुंकायचं भांडं, प्रत्येकासमोर त्या वर्षाच्या वाइनचा ग्लास. अजून बुडबुडे नसलेली, कोवळी वाइन. ग्लास नाकाशी नेला आणि खरं सांगतो, माझंसुद्धा भान गेलं. पिकलेलं पीच, मध, मोसंबीची फुलं. थंड प्रदेशातल्या वाइनला असा वास क्वचित येतो.

ज्युलियाँ सगळ्यात लहान. म्हणाला, "माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वर्ष." मग मी. मी वासाचं कौतुक केलं, आम्लाचा आकडा थोडा कमी आहे असंही म्हटलं, पण ते पुटपुटल्यासारखं. ओदील म्हणाली, "व्हिंटेज. मला शंका नाही." आणि आम्ही तिघं मार्सेलकडे बघायला लागलो.

त्यांनी पुन्हा एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. थुंकले.

"नाही."

ज्युलियाँला वाटलं, ते गंमत करतायत. "काका?"

"यात कणा नाही. आज छान आहे. दहा वर्षांनी बसून जाईल. मिश्रणात घाला."

ओदील एकदम म्हणाली, "पपा, तुम्ही दमला आहात. आपण उद्या पुन्हा चव घेऊ." तिचा आवाज आजारी माणसाशी बोलतात तसा झाला होता आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

मार्सेल तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वास येत नाही हे तुला माहीत आहे."

ज्युलियाँने हातातला ग्लास खाली ठेवला.

"शरदात तुझ्या जन्मवर्षाची बाटली उघडली होती. तू दुपारी कधी अर्ध्या ग्लासापुढे गेली नाहीस. त्या दिवशी अख्खा ग्लास एका दमात संपवलास. तेव्हाच मी ओळखलं की बाटली खराब होती." मग माझ्याकडे वळून, "आणि हे केमिस्ट साहेब. यांनी पण प्यायली. दोघांनी मिळून मला फसवलंत."

मी म्हटलं, "माफ करा."

"कशाबद्दल? शिक्षा तुम्हालाच झाली." मग त्यांनी टेबलावर बोट टेकवलं. "आता तुम्ही सांगा. पण नाक धरून सांगा. तिघांनीही. नाक धरा आणि प्या."

तीन शहाणीसुरती माणसं चिमटीत नाक धरून बसली आहेत आणि एक म्हातारा त्यांच्याकडे परीक्षकासारखा बघतोय, असं ते दृश्य. मी घोट घेतला. पीच नाही, मध नाही, फुलं नाहीत. जिभेवर एक मऊ, कोमट, गोडसर काहीतरी आलं आणि लगेच संपलं. मागे काही उरलंच नाही. नाशिकला एप्रिलच्या उन्हात उशिरा तोडलेल्या द्राक्षांचा रस असा लागायचा. मी बारा वर्षं तो आकड्यांत पाहिला होता आणि आज वासाने मला त्या आकड्याचा विसर पाडला होता.

ओदील माझ्याकडे बघत होती. तिला काय हवंय हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "तुम्ही बाहेरची जीभ. बोला."

"ओदील, उरत नाही काही," मी म्हटलं. "ते बरोबर बोलतायत."

तिने ग्लास खाली ठेवला. "मला ही तुमच्यासाठी करायची होती, पपा. पुढचं चांगलं वर्ष कधी येईल कोणाला माहीत?"

"माझ्यासाठी मला एक खुर्ची आणून दे, खिडकीशी. वर्षाचं नाव लावायचं तर त्या वर्षाने ते पेललं पाहिजे. माझ्या वयाचा त्याच्याशी काय संबंध?"

ती उठून बाहेर गेली. ज्युलियाँ तिच्यामागे गेला. टेबलाशी आम्ही दोघंच उरलो. मार्सेलनी विचारलं, "ओदील म्हणत होती, तुमच्या आईंनाही असंच झालंय?" म्हणजे आईचं तिने त्यांच्या कानावर घातलं होतं, स्वतःचं गुपित उघडं पडलंय हे त्यांना कळावं म्हणून की सहज बोलून गेली म्हणून, ते मला आजही माहीत नाही. मी हिंगाची गोष्ट त्यांनाही सांगितली. अळू म्हणजे काय ते समजवायला वेळ लागला. घशाला खाजवणारं पान माणसं मुद्दाम शिजवून खातात यावर त्यांचा विश्वास बसेना. पण चिंचेची बाजू त्यांना ताबडतोब कळली. "म्हणजे आंबट कमी पडलं की पान चावतं," ते म्हणाले. "छान. आमच्याकडे ते दहा वर्षांनी चावतं." आणि मग, "त्यांना विचारा, कॉफी कशी लागते?"

मी रविवारी आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "मी कॉफी कुठे पिते? चहा म्हणजे गरम पाणी. साखर तेवढी कळते. का रे?" मी कारण सांगितलं. त्यानंतर दर रविवारी ती विचारायची, "तुझा तो फ्रान्सचा म्हातारा कसा आहे?" आणि मी मार्सेलना फोन केला की ते विचारायचे, "मादाम चिंच काय म्हणतायत?" आईचा सल्ला त्यांच्यापर्यंत जायचा, सकाळी लवंग हुंगायची, सुंठ उगाळून लावायची. त्यांनी लवंग आणली. उपयोग झाला नाही. आईनेही आशा सोडली नव्हती, पण ती म्हणायची, "त्याला सांग, पावसाळ्यात एकदा मला वाटलं होतं, मातीचा आला. नंतर कळलं, आठवण होती ती."

ती सुगंधी वाइन मिश्रणात गेली. ओदील माझ्याशी काही महिने कामापुरतं बोलत होती. त्यात तिची चूक नाही. तिच्या वडिलांना द्यायची वस्तू तिच्या हातातून काढून घेणाऱ्यांत मी होतो. माझ्या धंद्यात खरं बोलणं हेच काम आहे, तरी त्याची रुखरुख मला आहे.

पुढचं वर्ष गारठ्याचं आणि ढगाळ गेलं. ज्युलियाँ रोज आकाशाला शिव्या देत होता. मार्चमध्ये चव घेतली तर दात आंबले. ज्युलियाँ म्हणाला, "कच्ची. माफ करा, पण कच्ची." मी म्हटलं, आम्ल भरपूर आहे, पुढचं सांगता येत नाही. ओदील म्हणाली, "मला भीती वाटते हिची." मार्सेल खिडकीशी त्यांच्या खुर्चीत होते. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि या खेपेला थुंकलेच नाहीत.

"ही," ते म्हणाले.

विषय संपला. वाइन बाटल्यांत भरून खाली तळघरात गेली. व्हिंटेज तिथे कायद्याने निदान तीन वर्षं पडून राहावी लागते. हे घराणं जास्त ठेवतं. मार्सेल तिच्या निघण्यापर्यंत थांबले नाहीत. ते गेल्याचं मी आईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "पाहिलंसुद्धा नव्हतं मी त्याला. पण एका दुखण्याची माणसं होतो."

या वर्षी गणपतीच्या आधी ओदीलने एक बाटली पाठवली. लेबल नाही, बूच मारण्याआधी घालतात ती चिमूटभर साखर नाही, नुकता साका काढलेली. पाठोपाठ फोन आला.

"आम्ही चव घेतली," ती म्हणाली. "ज्युलियाँ बोलला, मी बोलले. मग आम्ही खिडकीकडे बघत बसलो. आमच्या टेबलाशी आता शेवटी बोलायला कोणी नाही, मिलिंद. लेबल छापायला टाकायचंय आणि माझा हात उठत नाही. तुमच्या आई आल्या आहेत ना?"

"आल्या आहेत. पण ओदील, आई दारूला शिवत नाही. तिने आयुष्यात…"

"विचारा तर खरं."

मी विचारलं. आई देवघरासाठी वाती वळत होती. तिने वाती खाली ठेवल्या.

"ही त्याने पसंत केलेली का? नाक नसताना?"

"हो."

"आणि ती पोर अडून बसलीय?"

"हो."

आईने देवघराकडे पाहिलं. "देवासमोर नको. स्वयंपाकघरात आण. आणि एक चमचा. मी औषध म्हणून घेईन."

आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी बाटली आवाज न करता उघडली. आवाज क्रिकेटवाल्यांसाठी असतो. ग्लास तीन, चमचा एक. सुरुवात लहानांकडून करायची, हे मी सांगितलं. इरा आता डेल्फ्टला शिकते. तिने घोट घेतला, भुवया उंचावल्या. "शार्प आहे बाबा. पण, यू नो, गुड शार्प. अजून हवीशी वाटते."

मंजिरी म्हणाली, "भाकरी भाजल्याचा वास. आणि शेवटी लिंबाची साल. मला आवडली, पण माझं काय, मला सगळ्याच आवडतात."

मी नाक धरून घोट घेतला. उभी होती. शेवटपर्यंत सरळ, आणि गिळल्यावरही तोंडात बराच वेळ होती. मी तसं सांगितलं.

मग आम्ही तिघं आईकडे बघायला लागलो. मी चमचा भरला. बुडबुडे बघून ती म्हणाली, "सोड्यासारखं आहे की." पदराने ओठ टिपले, चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर ओळखीची गंभीर रेषा उमटली. लहानपणी आम्ही ताटावर बसायचो आणि ती पहिल्या घासानंतर आमच्या तोंडाकडे बघायची, तशी. फक्त या वेळी बघणारे आम्ही होतो.

तिने गिळलं. जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"कडवट आहे थोडं. वासाचं मला विचारू नका." ती थांबली. "पण चिंच बरोबर पडलीय. घशाला खाजणार नाही. त्याच्या लेकीला सांग, खुशाल वाढ म्हणावं." आणि उठून तिने चमचा घासून वेगळा ठेवून दिला.

मी बाल्कनीत जाऊन ओदीलला फोन लावला. आई जे बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं.

"याचा अर्थ काय?" तिने विचारलं. अर्थ तिला कळला होता, पण तिला कोणीतरी तो म्हणायला हवा होता.

मी म्हटलं, "हो म्हणाल्या."